दगडफुलाच्या हिरव्या पेशीत एन्झाइम नेमकं कुठे आहे, ते कसं पाहायचं

सावजी मसाल्यात पडणारं दगडफूल हे शैवाक आहे, म्हणजे कवक आणि शैवाल यांचा एकत्र संसार. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा दुकानातून आणलेला राखाडी तुकडा पाण्यात भिजवून ब्लेडने आडवा कापा आणि मायक्रोस्कोपखाली धरा. वरच्या कातडीखाली हिरव्या गोल पेशींचा बारीकसा थर दिसेल. बाकी जवळजवळ सगळं कवकतंतूंचं जाळं. शैवालाचा वाटा साधारणपणे दहा टक्क्यांच्या आतच असतो. म्हणून अख्खं शैवाक खलात वाटून जे एन्झाइम मोजलं जातं, ते बहुतांशी कवकाचं निघण्याचीच शक्यता जास्त. शैवालाच्या पेशीत, आणि तिच्याही नेमक्या कुठल्या भागात, हे सांगायचं असेल तर मुख्य दोन वाटा आहेत: एन्झाइमने जिथे काम केलं तिथेच रंगीत साका पाडायचा, किंवा त्या एन्झाइमला चिकटणारी अँटिबॉडी वापरायची.

नवख्याने ॲसिड फॉस्फेटेजपासून (आम्ल माध्यमात फॉस्फेट तोडणाऱ्या एन्झाइमपासून) सुरुवात करावी. रसायनं साधी आहेत, कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर काम होतं, आणि यात होऊ शकणाऱ्या जवळपास सगळ्या चुका पुढच्या अवघड पद्धतींतही भेटतात.

पेशी आधी ओळखीची करून घ्या

पानासारख्या पसरणाऱ्या बहुतेक शैवाकांत ट्रेबुक्सिया नावाचं हिरवं शैवाल असतं. पेशी गोल, व्यास साधारण १० ते १५ मायक्रोमीटर. मधोमध एकच मोठं, कडांना फाटे फुटलेलं हरितलवक, त्याच्या पोटात पायरेनॉइड (प्रथिनांचा घट्ट गोळा) आणि एका बाजूला ढकललेलं केंद्रक. कांद्याच्या मुळांसाठी वापरतो त्याच ॲसिटोकार्माइनने केंद्रक आणि पायरेनॉइड दोन्ही रंगतात. एन्झाइमच्या मागे लागण्याआधी अशा वीस-पंचवीस पेशींची चित्रं वहीत काढा. हे टाळणाऱ्याला पुढे पायरेनॉइडवरचा डाग केंद्रकावरचा वाटतो.

प्रकाश मायक्रोस्कोपची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रोमीटर, त्याहून जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे १००च्या ऑइल भिंगाखाली "डाग भित्तीच्या बाजूला आहे" किंवा "पायरेनॉइडवर आहे" एवढं म्हणता येईल. भित्ती की तिला आतून लागून असलेलं पटल, हे ठरवायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो.

नमुना

बाजारातलं दगडफूल काप घ्यायचा आणि पेशी सुट्या करायचा हात बसवण्यासाठी उत्तम. प्रयोगासाठी ते नको. एका पुडीत चार-पाच जाती मिसळलेल्या असतात, माल किती महिने गोदामात होता ते कळत नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गोदामात राहिलेल्या पेशींत काय शिल्लक असेल याचा भरवसा नाही.

जिवंत नमुना शहरातच मिळतो. आंब्याच्या, चिंचेच्या खरबरीत सालीवर पिक्सिन, फिसिया, डिरिनेरिया या वंशांचे करडे-पांढुरके चकंदळ दिसतात. सेमिनरी हिल्ससारख्या वनखात्याच्या जागेतून लेखी परवानगीशिवाय काही काढू नका. कॉलेजच्या आवारातलं किंवा ओळखीच्या बागेतलं झाड बरं. काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांत मात्र एक गोष्ट आधी विचारा: खोडाला बोर्डो पेस्ट लावली आहे का? एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असा तो लेप बुंध्यापासून मीटरभर उंचीपर्यंत लावतात. त्यातलं तांबं शैवालाला मारक आहे आणि अनेक एन्झाइमांचं कामही अडवतं. लेपाच्या वरच्या फांदीवरचा नमुनाही नको, कारण फवारणी तिथवर पोचलेली असू शकते.

झाडावरच नखाने कातडी हलकेच खरवडा. खालून गवती हिरवा रंग आला तर ट्रेबुक्सियासारखं शैवाल. पिवळा-नारिंगी आला तर ट्रेंटेपोलिया. त्यातल्या कॅरोटिनॉइडमुळे पुढचे तपकिरी डाग वाचता येत नाहीत, म्हणून सुरुवातीला ते टाळा. काळपट-निळसर आणि ओलं झाल्यावर जेलीसारखं लागलं तर ते नीलहरित जीवाणूवालं शैवाक, आपल्या कामाचं नाही.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत गोळा करणं उत्तम. धारदार सुरीने सालीच्या पातळ पापुद्र्यासकट काढा. रुपयाच्या नाण्याएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि दोन दिवसांत बुरशी येते. लगेच काम करायचं नसेल तर हवेत वाळवून उणे २० अंशांवर ठेवा. सुकलेलं शैवाक हे सोसतं, ओलं ठेवलं तर बर्फ पेशी फोडतो.

शैवाकाची आम्लं आधी काढा

शैवाकाच्या तंतूंवर ॲट्रानोरिन, उस्निक आम्ल अशा फिनॉलिक पदार्थांचे स्फटिक साठलेले असतात. पेशी फोडल्याबरोबर ते प्रथिनांना चिकटतात आणि एन्झाइम बसून जातं. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाहीत, ॲसिटोनमध्ये विरघळतात. म्हणून पूर्ण सुका तुकडा ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं, असं चार वेळा नवं ॲसिटोन घेऊन धुवा आणि अर्धा तास उघड्यावर वाळू द्या. कोरड्या अवस्थेत बऱ्याच शैवाकांच्या पेशी हे सोसतात. ओल्या तुकड्यावर हाच प्रयोग केला तर ॲसिटोन पटलं विरघळवतं आणि सगळं मरतं. एक तुकडा न धुता बाजूला ठेवा, तुमच्या जातीला ॲसिटोन मानवलं का ते त्यावरून कळेल. मे महिन्यात पंख्याखाली ॲसिटोन उघडं ठेवून शेजारी बर्नर पेटवू नका, एवढं सांगावंच लागतं.

धुतलेला तुकडा ओल्या फिल्टर पेपरवर, मंद उजेडात, २० ते २५ अंशांना २४ तास ठेवा. सुकलेली पेशी पाणी मिळाल्यावर काही मिनिटांत फुगते, पण आतलं काम सुरळीत व्हायला वेळ लागतो. एका तासात उरकलेल्या प्रयोगात आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात फरक दिसला तर नवल नको.

हिरव्या पेशी वेगळ्या करणं

१०० मिली बफरसाठी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी): हेपेस १.१९ ग्रॅम, सुक्रोज १०.३ ग्रॅम, पीव्हीपी १ ग्रॅम, ॲस्कॉर्बिक आम्ल ८८ मिग्रॅ. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.५ करा. सुक्रोज पेशींना फुगून फुटू देत नाही. पीव्हीपी उरलीसुरली फिनॉल धरून ठेवतं. ॲस्कॉर्बिक आम्लामुळे ती तपकिरी पडत नाहीत. ॲस्कॉर्बिक आम्ल त्याच दिवशी घाला. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित घ्या. नळाच्या पाण्यातलं सल्फेट पुढे शिशाबरोबर साका पाडेल. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही.

१. सुमारे ५० मिग्रॅ (कोरडं वजन) शैवाक मऊ ब्रशने धुवा, साल काढून टाका आणि एक मिमीचे तुकडे करा.

२. बर्फात ठेवलेल्या खलात २ मिली थंड बफर घालून बत्त्याने वीस-तीस वेळा दाबत फिरवा. मिरच्या वाटल्यासारखं वाटू नका. तंतू सुटायला हवेत, पेशी फुटायला नकोत. द्रावण हिरवंगार पारदर्शक झालं तर पेशी फुटून हरितलवकाचे बारीक तुकडे बाहेर आलेत. बरोबर जमलं असेल तर ते गढूळ हिरवं दिसतं.

३. चार पदरी मलमलमधून आणि मग २० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा.

४. सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) बलाने ५ मिनिटं फिरवा. इथे सगळ्यात जास्त चूक होते, कारण यंत्रावर आरपीएम (मिनिटाला फेरे) असतं आणि लेखात जी. हिशेब असा: आरपीएमचा वर्ग × रोटरची त्रिज्या सेंमीमध्ये × ०.००००१११८ = जी. त्रिज्या ८ सेंमी असेल तर ५०० जीसाठी सुमारे २३६० आरपीएम लागतात.

५. तळाला बसलेला साका २०० मायक्रोलिटर बफरमध्ये उकलून १.५ मिलीच्या नळीत १ मिली ८० टक्के परकॉलवर (सिलिकाच्या बारीक कणांच्या जड द्रवावर) हलकेच सोडा. परकॉलही सुक्रोज असलेल्या बफरमध्येच बनवा. १०,००० जी, १० मिनिटं, ४ अंश. हिरवा थर वरच्या बाजूला राहतो, करडे तंतू तळाला जातात. हिरवा थर पिपेटने उचला, पाचपट बफर घालून दोनदा धुवा. परकॉल राहिलं तर पेशी खाली बसत नाहीत.

पाचव्या पायरीला ८ सेंमी रोटरवर साडेदहा हजारांच्या आसपास आरपीएम लागतात. साध्या क्लिनिकल सेंट्रिफ्यूजला ते जमत नाही. मग कमी वेगाने सात-आठ वेळा धुणं हाच उपाय. पेशी कमी मिळतात, पण चालतं. तंतूंचे चिकट तुकडे निघत नसतील तर ०.०१ टक्के ट्वीन-२० घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये एकेक मिनिट, तीनदा ठेवा, दर खेपेला मध्ये बर्फात.

शेवटी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूने तपासा. कवकाची भित्ती निळी होते. शंभर पेशी मोजा. पाचाहून जास्त पेशींना निळे तंतू चिकटलेले असतील तर पुन्हा धुवा. हे मोजमाप टाळू नये, कारण फॉस्फेटेज कवकतंतूंच्या भित्तीतही भरपूर असतं आणि पेशीला चिकटलेला इवलासा तुकडा शैवालाच्या भित्तीत एन्झाइम असल्याचा आभास करून देतो. शिवाय कवकाचे चूषक (शैवालात घुसणारे तंतूंचे फाटे) शैवालाच्या भित्तीत रुतलेले असतात, ते धुवून जात नाहीत. तेव्हा भित्तीवर एकाच जागी डाग दिसला की आधी कॉटन ब्लू.

स्थिरीकरण

स्थिरीकरण म्हणजे पेशीतली प्रथिनं रसायनाने जागच्या जागी बांधणं. एन्झाइम जागेवर राहावं पण मरू नये, अशी ही तारेवरची कसरत. १ टक्का ग्लुटराल्डिहाइड, ५० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.२, ४ अंशांना ३० मिनिटं. मग अल्डिहाइड नसलेल्या बफरने दहा-दहा मिनिटं तीनदा धुणं. ट्रिस बफर इथे वापरू नका. त्यातला अमिनो गट ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतो आणि स्थिरीकरण होतच नाही. थोड्या पेशी न स्थिरावता ठेवा. स्थिरावलेल्यांत रंग आला नाही आणि यांच्यात आला, तर दोष अल्डिहाइडचा; पुढच्या वेळी १५ मिनिटंच ठेवा.

ॲसिड फॉस्फेटेज: गोमोरीची शिशाची पद्धत

एन्झाइम ग्लिसरोफॉस्फेटमधून फॉस्फेट तोडतं, शिसं ते जागीच पकडतं आणि पांढरा लेड फॉस्फेट साचतो. तो साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, म्हणून सल्फाइड घालून त्याचं काळं-तपकिरी लेड सल्फाइड करायचं.

५० मिली द्रावण: ५० मिलिमोलर ॲसिटेट बफर, पीएच ५.०, त्यात ६६ मिग्रॅ लेड नायट्रेट पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत १५३ मिग्रॅ सोडियम बीटा-ग्लिसरोफॉस्फेट (पाच पाण्याचं) थोडंथोडं घाला. क्रम उलटला किंवा एकदम ओतलं तर द्रावण दुधाळ होतं. एक रात्र ३७ अंशांना ठेवून गाळून वापरा. फॉस्फेट बफर या प्रयोगाच्या आसपासही नको, पेशी धुवायलासुद्धा नाही. शिसं थेट त्याच्याशीच साका करील आणि सगळीकडे काळं दिसेल.

पेशी ॲसिटेट बफरने दोनदा धुवून या द्रावणात ३७ अंशांना ठेवा. एकच वेळ घेऊ नका; १०, २०, ४० आणि ६० मिनिटांना नमुने काढा. जास्त वेळ ठेवलं की साका मूळ जागेवरून सरकतो आणि दोन तासांनी अख्खी पेशीच काळी होते. कुठला भाग आधी रंगला, ही या प्रयोगातली सगळ्यात मोलाची माहिती. मग बफरने तीनदा धुवून ताज्या १ टक्का अमोनियम सल्फाइडमध्ये एक मिनिट. हे फ्यूम हूडखालीच करा. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू विषारी असतो, आणि सल्फाइडच्या बाटलीत आम्ल पडलं तर तो एकदम सुटतो. पुन्हा धुवा.

हिरव्या रंगाखाली तपकिरी डाग लपतो. यावर सोपी युक्ती: रंग आल्यावर पेशी ७० ते ९० टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा. हरितद्रव्य निघून जातं, लेड सल्फाइड तसंच राहतं.

प्रत्येक वेळी बरोबर चालवायच्या नळ्या: ग्लिसरोफॉस्फेट न घातलेलं द्रावण, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलेल्या पेशी, आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइडमध्ये (५० मिलीला २१ मिग्रॅ) वीस मिनिटं ठेवून मग फ्लोराइडसह द्रावणात टाकलेल्या पेशी. केंद्रक शिसं आपणहून शोषतं. त्यामुळे उकळलेल्या पेशींतही केंद्रक काळसर आलं तर तो डाग एन्झाइमचा नाही, आणि खऱ्या नमुन्यातला केंद्रकावरचा डागही मग वगळायचा. तिन्ही नळ्यांचे फोटो खऱ्या नमुन्याइतक्याच उजेडात काढा. कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर बंद. ते चालू राहिलं तर फिकी स्लाइड गडद होते आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

काहीच रंग आला नाही तर क्रमाने पाहा: सल्फाइड जुनं आहे का (नुसत्या शिशाच्या थेंबावर घालून पाहा, लगेच काळं व्हायला हवं), पीएच सरकला आहे का, स्थिरीकरण जास्त झालं का, ॲसिटोनची पायरी गाळली का. बहुतेकदा उत्तर पहिल्या दोनांत सापडतं. शिशाचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत लेबल लावून ठेवायचं.

कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज

हायड्रोजन पेरॉक्साइडवर काम करणारी ही दोन्ही एन्झाइमं डीएबी (डायअमिनोबेन्झिडिन) या रसायनाने दिसतात, तपकिरी साका पडतो. पेरॉक्सिडेजसाठी पीएच ७.६ ला १ मिग्रॅ प्रति मिली डीएबी आणि ०.०१ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कॅटालेजसाठी पीएच ९ च्या वर, २ मिग्रॅ प्रति मिली, पेरॉक्साइड ०.०५ टक्क्यांच्या आसपास, ३७ अंशांना तासभर. आधीचं ग्लुटराल्डिहाइड स्थिरीकरण इथे उलट मदतच करतं. कॅटालेजची खात्री करायला २० मिलिमोलर अमिनोट्रायझोलने डाग जातो का ते पाहा.

यात नवख्याला फसवणारी गोष्ट म्हणजे उजेड. हरितलवकाला प्रकाश मिळाला की ते डीएबी स्वतःच ऑक्सिडाइज करतं आणि सुंदर तपकिरी हरितलवक दिसतं. ते कॅटालेज नाही. नळ्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा आणि पेरॉक्साइड न घातलेली एक नळी ठेवा. तंतुकणिकांमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेजही डीएबी रंगवतं, ते तटस्थ पीएचच्या आसपास जास्त. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोज्यांचे दोन थर घाला आणि उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतू नका.

अँटिबॉडीची वाट

ज्याला रंगीत साका देणारी सोपी अभिक्रिया नाही, त्याच्यासाठी ही पद्धत. रुबिस्कोपासून (प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या एन्झाइमपासून) सुरुवात करा. त्याच्या मोठ्या उपघटकाची रचना वनस्पती आणि शैवालांत इतकी सारखी आहे की बाजारात मिळणारी वनस्पतीची अँटिबॉडी शैवालातही चालते. शिवाय उत्तर आधीच ठाऊक आहे: ट्रेबुक्सियात रुबिस्को मुख्यतः पायरेनॉइडमध्ये असतं, तर काही शैवाकांत आढळणाऱ्या कॉकोमिक्साला पायरेनॉइडच नसतो आणि रुबिस्को हरितलवकभर पसरलेलं असतं. आपली पद्धत बरोबर चालते का, हे तपासायला याहून चांगली जोडी नाही.

ट्रेबुक्सियाची भित्ती चिवट. अख्ख्या पेशीत अँटिबॉडी शिरत नाही. म्हणून पेशी ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये दोन तास ठेवा. ऑस्मियम वापरू नका, प्रतिजन (अँटिबॉडी ज्याला ओळखते तो भाग) बिघडतो. मग २ टक्के अगारोजच्या थेंबात पेशी गोठवून एक मिमीचे ठोकळे कापा, ३०, ५०, ७०, ९० टक्के अल्कोहोल पंधरा-पंधरा मिनिटं, एलआर व्हाइट रेझिन (तापवल्यावर घट्ट होणारं, काप घेण्यासाठीचं प्लास्टिक) आणि अल्कोहोल निम्मं-निम्मं तासभर, शुद्ध रेझिनमध्ये ४ अंशांना रात्रभर, आणि जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये काठोकाठ भरून ५० ते ५५ अंशांना २४ तास. कॅप्सूलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनमुळे रेझिन चिकटच राहतं. तापमान ६० च्या वर गेलं तर अँटिबॉडी ओळखेल असं फारसं काही उरत नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळण्याआधी याच ठोकळ्याचे १ मायक्रोमीटर जाडीचे काप स्लाइडवर घेऊन आधी एन्झाइमला चिकटणारी प्राथमिक अँटिबॉडी, मग तिला चिकटणारी फ्लुरोसंट (चमकणारी) दुय्यम अँटिबॉडी लावून पाहा. पायरेनॉइड हिरवा चमकला तर पुढे जायला हरकत नाही. लाल चमक हरितद्रव्याची असते, ती फिल्टरने कापा. यातच काही दिसलं नाही तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी दुय्यम अँटिबॉडीला जोडायच्या सोन्याच्या कणांवर पैसे घालवू नका.

सोन्यासाठी ७० ते ९० नॅनोमीटरचे काप निकेलच्या ग्रिडवर (इवल्याशा धातूच्या जाळीवर) घ्या; तांब्याची ग्रिड मिठाच्या द्रावणात गंजते. १ टक्का बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनात) अर्धा तास, प्राथमिक अँटिबॉडी १:१००, १:५०० आणि १:२००० अशी तिन्ही पातळ करून दीड तास, पाच वेळा धुणं, १० नॅनोमीटर सोनं जोडलेली दुय्यम अँटिबॉडी तासभर, धुणं, शेवटी २ टक्के युरॅनिल ॲसिटेट. सोबत प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली एक ग्रिड हवीच.

मोजताना कण प्रति चौरस मायक्रोमीटर मोजा: पायरेनॉइड, उरलेलं हरितलवक, पेशीद्रव, भित्ती, आणि पेशीबाहेरचं रिकामं रेझिन. शेवटचा आकडा बाकी सगळ्यांतून वजा करायचा. किमान वीस पेशी घ्या, आणि केंद्रातून कापलेल्याच. कडेने कापलेल्या पेशीत पायरेनॉइड आलेलाच नसतो. अशा पेशी मोजणीत शिरल्या तर पायरेनॉइडचा आकडा विनाकारण शून्याकडे झुकतो.

काप दुसऱ्या संस्थेच्या मायक्रोस्कोपवर पाठवायचे असतील तर घट्ट झालेला ठोकळाच पाठवा. पातळ रेझिन नागपूरच्या मेमधल्या ४५ अंशांच्या पार्सलमध्ये वाटेतच आपलं आपण घट्ट होऊन बसतं. कॅप्सूलमध्ये पेन्सिलने लिहिलेली कागदाची पट्टी रेझिन ओतण्याआधीच टाका. बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं.